मागचं सील

प्रिय एलोइसा,

त्या सकाळी आपण दोघी माझ्या अंगणात परातीत घेवडा घेऊन खडे निवडत बसलो होतो. मी कोंबड्यांना दाणे टाकले होते, पीठ मळून फडक्याखाली झाकून ठेवलं होतं आणि धुतलेल्या चादरी तारेवर वाळत टाकल्या होत्या. वारा असा सुटला होता की चादरी सारख्या तुझ्या अंगावर येत होत्या आणि तू त्या बाजूला सारत म्हणत होतीस, "ओरालिया, माझ्या नवऱ्यापेक्षा तुझ्या चादरीच माझ्या गळ्यात जास्त पडतात." समोर आपल्या दोघींचे नवरे गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरले होते. आपल्याला फक्त दोन विजारी दिसत होत्या आणि आतून भांडण ऐकू येत होतं. तुझा अमादेओ म्हणाला, "कोंपाद्रे, तो बोल्ट आहे, तुझ्या सासूचा गळा नाही. सोड आता." माझा फेर्मिन म्हणाला, "सैल ठेवलं तर तेल गळेल." त्यावर अमादेओ म्हणाला, "आवळलंस तर गळेल. पातळ पत्रा आहे. बोटांनी फिरव, मग पान्याने अर्धा फेरा, आणि मग हात खिशात घाल." तुला एवढं हसू आलं की निवडलेला घेवडा पुन्हा खड्यांत मिसळला. मग तुला भट्टीत ठेवलेल्या पावाची आठवण झाली आणि तुम्ही दोघं घाईघाईने घरी गेलात.

त्या सकाळची आठवण मी तुला का करून देते ते सांगेन, पण आधी बातमी सांगू दे, नाहीतर मला लिहिता येणार नाही. एलोइसा, मी त्या गाडीचं इंजिन धुतलं. मी, एकटीने. आणि धुतल्यावर ते पहिल्या किल्लीला सुरू झालं. एकसष्टाव्या वर्षी माझे हात कोपरापर्यंत काळे झाले आहेत, नखांतलं काळं अजून निघालेलं नाही, आणि मी चार दिवसांत नीट बसून जेवलेले नाही. सांगायला दुसरं कोणी नाही म्हणून तुला सांगते असं नाही. तुलाच सांगायचं होतं.

अकरा वर्षं झाली आपल्याला बोलून. पोस्टात समोरासमोर आलो की आपण पाकिटांकडे बघतो. ज्या दिवशी तुझ्या लिओला मी बाप्तिस्म्यासाठी हातांवर घेतलं, त्या दिवसापासून आपण एकमेकींना कोमाद्रे आणि आपले नवरे एकमेकांना कोंपाद्रे म्हणत आले, आणि त्याच लिओच्या लग्नाला मी आले नाही. बोलावणं आलं होतं. मी ते स्वयंपाकघरातल्या खणात ठेवलं आहे. हे सगळं कशावरून, तर चर्चच्या अंगणातल्या नव्या फरशीवर पडलेल्या मूठभर तेलावरून. तुला सांगायला नको, पण मला लिहून काढायचं आहे. त्या ईस्टरला आपल्या खोऱ्यातल्या सगळ्या गाड्या रांगेने उभ्या होत्या, जमिनीला टेकतील इतक्या खाली बसवलेल्या, रंगाने नुसत्या चमकत होत्या. बॉनेटं उघडी. फादर पवित्र पाणी शिंपडत आमच्या चौसष्ट सालच्या इम्पालापाशी आले आणि त्यांच्या बुटाखाली काळं तेल. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "फादर, तेलाने अभिषेक तुम्ही करायचा असतो, गाडीने नाही." फेर्मिन हसला नाही. प्रार्थनेनंतर हॉलमध्ये, साठ माणसांसमोर, त्याने सांगितलं की इंजिनच्या मागचं, तेल अडवणारं सील अमादेओने त्याच आठवड्यात बसवलं होतं, तेल मागूनच गळतंय, आणि ज्याला स्वतःच्या कोंपाद्रेच्या गाडीचं सील बसवता येत नाही त्याच्या हाती कोणी आपली गाडी देऊ नये. अमादेओने टोपी घातली आणि तो निघाला. तू त्याच्या मागे गेलीस. मी कॉफीचा पेला हातात धरून तिथेच उभी राहिले.

लोकांनी गाड्या आणणं कमी केलं. दोन वर्षांत अमादेओचं गॅरेज बंद झालं आणि तो खडीच्या खाणीत कामाला लागला. तुम्ही नदीपलीकडच्या चर्चला जायला लागलात.

फेर्मिनला जाऊन येत्या जूनमध्ये तीन वर्षं होतील. तू शवपेटीजवळ आली नाहीस, पण घेवड्याची मोठी पातेली माझ्या पायरीवर कोणी ठेवली ते मला कळलं होतं. पातेलीची कड ओळखीची होती. मी ती परत केली नाही, त्याबद्दलही मला क्षमा कर. मी ठीक आहे. दुःख आहे, पण ते आता सांधेदुखीसारखं आहे, कुठे वळलं की दुखतं ते माहीत झालंय. मी खूप वाचते. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा वाटलं होतं वाचणं संपलं. आता वाचनालयातली तिली मला म्हणते की मी कपाटं डावीकडून उजवीकडे खात चालले आहे. गाडी ताडपत्रीखाली होती. दर रविवारी मी बॅटरी चार्जरला लावत असे, कारण शेवटच्या दिवसांत त्याने माझ्याकडून तेवढं कबूल करून घेतलं होतं. आणि आणखी एक. इंजिन कधी धुवायचं नाही. हे तो अकरा वर्षांपूर्वीपासून म्हणायचा. "घाणच त्याला धरून आहे. घाण गेली की इंजिन सुटं होईल." रंग, आरसे, गाद्या, सगळं तो लहान मुलासारखं पुसायचा. इंजिनकडे मात्र बघायचा नाही. त्या ईस्टरनंतर आमच्या गाडीचं बॉनेट चारचौघांत कधी उघडलं नाही.

यंदा मला गाडी ईस्टरच्या फेरीत न्यायची होती. एवढंच होतं मनात. नवऱ्याची गाडी, मी चाकामागे, फादरांनी पाणी शिंपडावं. पण पाणी शिंपडायचं तर बॉनेट उघडायला हवं, आणि आत जे होतं ते मी उघडून पाहिलं तेव्हा मला ओळखूच येईना की यात इंजिन कुठलं. काळा डांबराचा गोळा. मी तिलीकडे गेले आणि त्या गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक मागितलं. ती म्हणाली, "ओरालिया, यात शेवटी कोणाचं लग्न होत नाही." मी म्हटलं, "बरंच आहे." ती म्हणाली, "पानांवर तेलाची बोटं उमटली तर पुढचं पुस्तक मिळणार नाही." मी प्रत्येक पान कागदी रुमालाने उलटलं. अडलेले शब्द शब्दकोशात बघितले, आणि शब्दकोशात न सापडलेले सुट्या भागांच्या दुकानात जाऊन बेनीला विचारले. बेनी म्हणाला, "बाई, धुऊ नका. धुतलंत की गळायला लागेल. धुवायचंच असेल तर घरात पेट्रोल असेलच की." मी म्हटलं, पेट्रोलने इंजिन धुणाऱ्या माझ्या दिराच्या भुवया अजून उगवलेल्या नाहीत. मग त्याने मला संत्र्याच्या सालीपासून बनवलेलं, पाण्यात मिसळणारं द्रावण दिलं आणि म्हणाला, "चष्मा घाला. फेर्मिन वर बसून मला शिव्या देईल."

गुरुवारी सकाळी सुरू केलं. मला किती मजा आली हे सांगायला लाज वाटते. इंजिन पूर्ण गार होतं, कारण तापलेल्या लोखंडावर द्रावण टाकलं तर धूर होतो आणि गार पाण्याने लोखंड तडकू शकतं. आधी बॅटरीची काळी तार सोडवली. मग कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून वर पिशवी बांधली. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला एक पिशवी, कॉइलला एक, वीज बनवणाऱ्या डबीला एक, सगळ्यांना रबरी फिती. इंजिन असं दिसत होतं जणू शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलांचे डबे. गाडीखाली जुन्या पत्र्याचं तसराळं ठेवलं आणि भोवती मांजराच्या पेटीत घालतात ती तेल शोषणारी माती पसरली. आपल्या पाटात अजून पाणी सोडलेलं नसलं तरी पाट माझ्या कुंपणाला लागून आहे, आणि ते पाणी खाली सगळ्यांच्या मिरच्यांना जातं. काळं पाणी तिकडे गेलं असतं तर पाटकऱ्याने मला पुरलं असतं, आणि बरोबर केलं असतं. ती माती मी डब्यात भरून ठेवली आहे, ती टाकायची वेगळी जागा असते.

आधी लाकडी चमच्याने खरवडलं. लोखंडी काहीच वापरलं नाही, नळ्या जुन्या आहेत. घाण थराथराने निघाली, जळक्या दुधासारखी. मग द्रावण खालून वर मारलं, दहा मिनिटं थांबले, ब्रशने घासलं, बारीक धारेने धुतलं. जोरात पाणी मारायचं नाही, ते नको तिथे शिरतं. पुन्हा द्रावण, पुन्हा ब्रश. फटींना फेर्मिनचा जुना दातांचा ब्रश वापरला. तो असता तर ओरडला असता, दातांचा ब्रश म्हणून नाही, इंजिनला हात लावला म्हणून. दुपारी तिसऱ्यांदा धुतलं आणि एका कोपऱ्यात नारिंगी रंग दिसला. एलोइसा, त्या गोळ्याखाली इंजिन नारिंगी होतं, नव्या भोपळ्यासारखं. मी तिथेच बादलीवर बसले. मग उठले आणि संध्याकाळपर्यंत थांबले नाही. ऊन उतरलं तेव्हा सगळं नारिंगी दिसत होतं आणि माझी पाठ माझी राहिली नव्हती.

शुक्रवारी वाळवलं. फडक्यांनी टिपलं, केस वाळवायच्या यंत्राने गार हवा मारली, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतला ओलावा पुसला, दिवसभर बॉनेट उन्हात उघडं ठेवलं. चारला पिशव्या काढल्या, कार्बोरेटरच्या तोंडातलं फडकं काढलं, ते दोनदा तपासलं, आणि शेवटी बॅटरीची तार जोडली. किल्ली फिरवली. गाडीने एकदा खोकून आवाज धरला. शेजारचा कुत्रा कुंपणावरून उडी मारून आत आला. मी गाडीच्या पाठीला थोपटत उभी होते आणि मोठ्याने बोलत होते, पण काय बोलत होते ते लिहिणार नाही.

आणि बेनीचं खरं झालं. वीस मिनिटांत गाडीखाली थेंब पडला. मग दुसरा. मागच्याच बाजूला, जिथे अकरा वर्षांपूर्वी पडला होता, तिथेच.

मी खचले असते, पण पुस्तकात एक पान होतं. गळती शोधायची तर आधी इंजिन स्वच्छ आणि कोरडं हवं, मग त्यावर पावडर उडवायची आणि चालवून बघायचं. तेल जिथून निघेल तिथून पावडरीत वाट काढेल. म्हणजे जी गोष्ट फेर्मिनने शेवटपर्यंत करू दिली नाही तीच पहिली पायरी होती. शनिवारी मी लहान मुलांची पावडर आणली. गाडी तिला वरखाली करणाऱ्या तिच्या पंपांनी वर उचलली, पण पंपांवर विसंबले नाही, खाली लोखंडी घोड्या लावल्या, चाकांना ठोकळे दिले. मागची बाजू सगळी पांढरी केली. पुस्तकात दाखवलंय तसं खालचं पत्र्याचं झाकण काढलं, म्हणजे मागच्या सीलच्या बाजूला आत बघता येतं, आणि तिथेही पावडर उडवली. वीस मिनिटं इंजिन चालवलं. बंद केलं. गार होऊ दिलं. मग टॉर्च आणि माझा वेणी घालायचा आरसा घेऊन खाली शिरले.

आत सगळं पांढरं होतं. कोरडं. अमादेओने बसवलेल्या सीलजवळ एक ठिपका नव्हता. तेलाची रेघ बाहेरून आली होती. मी ती आरशात बोटाबोटाने वर शोधत गेले, इंजिनच्या पाठीवरून वर, आणखी वर, आणि ती उजवीकडच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापाशी थांबली. वरचं ते पातळ पत्र्याचं झाकण. तेल तिथून निघायचं, पाठीवरून खाली उतरायचं आणि सील असतं त्याच जागी टपकायचं. उभं राहून बघणाऱ्याला वाटायचं, सीलच गळतंय. मी चार बोल्ट काढले, कव्हर उचललं, धुतलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. ते हललं. लंगड्या खुर्चीसारखं. बोल्टांच्या भोकांपाशी पत्रा खाली दबला होता आणि मधल्या जागा वर उचलल्या होत्या. खालची मऊ पट्टी, गॅस्केट, पिळून बाहेर आलेली. कोणीतरी ते बोल्ट गळा आवळावा तसे आवळले होते.

मला वाईट वाटायला हवं होतं. मी नाचले, एलोइसा. टेबलाभोवती, तेलकट हातांनी. सापडलं म्हणून नाचले. मग टेबलापाशी बसले.

आता त्या सकाळचं उरलेलं सांगते. तुम्ही पावासाठी घरी गेलात आणि मी परात उचलून आत निघाले होते. फेर्मिन गॅरेजमधून लांब दांड्याचा पाना घेऊन आला. ट्रकच्या चाकांचा. त्याने तो उजवीकडच्या कव्हरवर लावला आणि अंगाचा सगळा भार टाकला. चारही बोल्ट. मी चादरीआडून बघत होते. त्याने मला पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "त्याला सांगू नकोस, चिडेल. त्याचा हात हलका आहे, बायकी." मीही हसले. तेव्हा ती आपल्या नवऱ्यांची रोजची कुरघोडी होती, आणखी काही नाही. पण आठवड्याने तेल फादरांच्या बुटाखाली आलं तेव्हा मला तो लांब पाना आठवला. हॉलमध्ये फेर्मिन बोलत होता तेव्हाही आठवत होता. मला इंजिनातलं काही कळत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. ते मी अकरा वर्षं वापरलं.

त्यालाही आठवत असेल का? मला वाटतं, होय. नाहीतर इंजिन धुवायला एवढा नकार कशाला? आधीचा फेर्मिन दर वसंतात ते धुवायचा, अमादेओबरोबर, गाणी म्हणत. तो वाईट माणूस नव्हता. त्याने माझ्या आईला सहा वर्षं उचलून आंघोळ घातली. पण "चुकलो" हा शब्द त्याच्या तोंडात बसत नसे, आणि जितके दिवस जात तितका तो शब्द मोठा होत गेला. एकदा, अगदी शेवटी, तो म्हणाला होता, "अमादेओचा हात चांगला होता." मी उशी नीट करत होते. मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. माझ्या तोंडातही तो शब्द बसत नव्हता.

बेनीकडून दुसरं कव्हर आणि गॅस्केट मागवलं आहे, मी ते स्वतः बसवणार आहे, त्यामुळे अमादेओकडून मला काही नको आहे, असं त्याला सांग. हे पत्र काम करून घेण्यासाठी नाही. क्षमेसाठीही मी ते पायरीवर ठेवून उत्तराची वाट बघत बसणार नाही. तुम्ही आता नदीपलीकडच्या चर्चला असता, आमच्या हॉलमध्ये काय झालं ते तुम्हाला कोणाकडून तरी वळणं घेत कळेल, वाढवून किंवा कमी करून, आणि ते तू माझ्याकडून ऐकावंस म्हणून मी लिहिते आहे. शनिवारी कव्हर सापडलं. दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार होता. प्रार्थनेनंतर सगळे हॉलमध्ये कॉफीला आले, तेव्हा मी ते वाकडं कव्हर वर्तमानपत्रातून काढून मधल्या टेबलावर ठेवलं, ते हलतंय ते सगळ्यांना दाखवलं, आणि उभी राहून सांगितलं की अमादेओने बसवलेलं सील आजही कोरडं आहे, पत्रा माझ्या नवऱ्याने वाकवला, आणि तो वाकवताना मी बघत होते.

तुझीच,
ओरालिया